गुणदानाचे रसायन

परीक्षा संपते तेव्हा विद्यार्थ्याचे काम संपते आणि परीक्षकाचे सुरू होते. शापोरा नदीकाठच्या हळर्णसारख्या गावातील दहावीची मुलगी पुढे विज्ञान शाखा घ्यावी की नाही, हे बऱ्याचदा शास्त्र विषयाच्या गुणांकडे पाहून ठरवते. ते गुण तिच्या समजेचे माप असावेत. ज्याच्या हाती उत्तरपत्रिका पडली त्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीचे माप ते ठरू नयेत. रसायनशास्त्रात उत्तर एक तर बरोबर असते किंवा चूक, तेव्हा तेथे गुणांत फरक पडण्याचे कारणच काय, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो पडतो आणि कसा पडतो हे समजून घेण्यासारखे आहे.

एक साधा प्रश्न घेऊ. शिंपल्या भाजून चुना करण्याची पद्धत गोव्याला जुन्या काळापासून ठाऊक आहे. शिंपल्यांत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पूर्णपणे तापवल्यास किती कार्बन डायऑक्साइड मिळेल? प्रश्नाला गुण ३. कॅल्शियम कार्बोनेटचे रेणुवस्तुमान १०० आणि कार्बन डायऑक्साइडचे ४४, म्हणून उत्तर ४.४ ग्रॅम. आता एका विद्यार्थ्याने समीकरण अचूक लिहिले, पण कॅल्शियमचे अणुवस्तुमान ४० घेण्याऐवजी त्याचा अणुअंक २० घेतला. रेणुवस्तुमान ८० झाले, पुढची त्रैराशिकाची रीत बिनचूक, उत्तर आले ५.५ ग्रॅम.

याला किती गुण द्यावेत? एक परीक्षक शेवटचे उत्तर पाहून शून्य देईल. दुसरा समीकरणाचा १ गुण देऊन थांबेल. तिसरा म्हणेल, चूक एकदाच झाली, शिक्षाही एकदाच हवी, म्हणून २ गुण. तिघेही प्रामाणिक आहेत. वस्तुमानाचा १ गुण गमावल्यावर त्याच आकड्यावर उभारलेल्या पुढच्या रीतीचा गुण विद्यार्थ्याला मिळणे न्याय्य आहे, कारण ती रीत त्याला येते. मात्र हे आधी लिहून ठरलेले नसेल, तर एकाच उत्तराचे तीन भाव होतात.

‘कारणे द्या’ या प्रश्नात अडचण आणखी वाढते. लोखंड का गंजते, याचे उत्तर ‘हवा लागते म्हणून’ एवढेच लिहिले तर ते अपुरे, कारण ऑक्सिजनइतकाच ओलावाही आवश्यक असतो. अपुऱ्याला अर्धा गुण की काहीच नाही? एकाने ‘ऑक्सिडीकरण’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘ऑक्सिडेशन’, तर दोघांना समान गुण हवेत. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी अशा वातावरणात वाढणाऱ्या गोमंतकीय मुलाची वाक्यरचना अडखळते. ती अडखळली म्हणून त्याचे रसायनशास्त्र कच्चे ठरत नाही.

ही शंका नवी नाही. १९१३ मध्ये अमेरिकेतील स्टार्च आणि एलियट या संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. कोणी शंभरपैकी तीसहूनही कमी गुण दिले, तर कोणी नव्वदहून अधिक. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू फिलिप हार्टोग हे स्वतः रसायनशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनी १९३५ मध्ये रोड्स यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांकडे वर्षभराहून अधिक काळाने पुन्हा दिल्या. २१० पैकी ९२ निकालांत त्याच परीक्षकाने आपला पहिला निर्णय बदलला. म्हणजे माणूस दुसऱ्याशीच नव्हे, स्वतःशीही असहमत होतो.

यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. पहिला, उत्तरसूचीत केवळ उत्तर न देता प्रत्येक पायरीचे गुण, मान्य पर्याय आणि नेहमीच्या चुकांचे गुण लिहावेत. दुसरा, तपासणी सुरू करण्यापूर्वी सर्व परीक्षकांनी त्याच काही उत्तरपत्रिका तपासून गुण पडताळावेत. जेथे मतभेद दिसेल तेथे सूची दुरुस्त करावी आणि आधी तपासलेले गठ्ठे पुन्हा पाहावेत. तिसरा, एक उत्तरपत्रिका आरंभापासून अखेरपर्यंत न तपासता सर्वांचा पहिला प्रश्न, मग सर्वांचा दुसरा, असे जावे. त्यामुळे पहिल्या सुंदर उत्तराची छाप पुढच्या उत्तरांवर पडत नाही. चौथा, विद्यार्थ्याचे नाव झाकलेले असावे. पाचवा, नियामकाने अधूनमधून काही उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासाव्यात.

यात एक भेद ध्यानी ठेवावा. सातत्य म्हणजे न्याय नव्हे. उत्तरसूचीच चुकीची असेल तर सगळे परीक्षक एकसारखा अन्याय करतील. म्हणून सूचीत नसलेले, पण शास्त्रदृष्ट्या बरोबर असलेले उत्तर आले, तर ते सर्वांसाठी खुले करण्याची वाट हवी.

विद्यार्थ्याच्या हाती काय उरते? महाराष्ट्र मंडळाच्या पुनर्मूल्यांकनबंदीच्या नियमाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये फिरवला. नियमात तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हा हक्क म्हणून मागता येत नाही, हे तेव्हा ठरले. मात्र २०११ मध्ये त्याच न्यायालयाने स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहण्याचा विद्यार्थ्याचा अधिकार मान्य केला. गुण बदलण्याचा हट्ट एक आणि ते का मिळाले हे जाणण्याचा हक्क दुसरा.

शालान्त परीक्षेत निदान मंडळाची यंत्रणा असते. खरी कसोटी शाळेच्या सहामाहीत लागते. पेडणे वा डिचोली तालुक्यातील छोट्या शाळेत शास्त्र शिकवणारा, प्रश्नपत्रिका काढणारा आणि तपासणारा शिक्षक अनेकदा एकच असतो. त्याला विचारायला दुसरे कोणी नसते. शेजारच्या दोन-तीन शाळांच्या शिक्षकांनी सहामाहीनंतर नावे झाकलेल्या दहा-दहा उत्तरपत्रिकांची अदलाबदल केली, तर एका दुपारच्या बैठकीत आपला हात कोठे सैल पडतो आणि कोठे आखडतो हे प्रत्येकाला दिसेल. त्याला ना खर्च लागतो, ना परिपत्रक.

प्रयोगशाळेत तराजू वापरण्यापूर्वी त्याचा काटा शून्यावर आहे की नाही हे पाहायला आपण मुलांना शिकवतो. लाल शाईचे पेन उचलण्यापूर्वी परीक्षकानेही तेवढेच करायचे असते.