मांडीवरचं सूप दहा मिनिटं बाजूला

विड्या वळत ऐकत असाल तर हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब संपला की बायका लेकरांचं बोलतात. एकीचं पोरगं पदर सोडत नाही. दुसरीची मुलगी हाक मारली तरी जवळ येत नाही. तिसरीचा मोबाइल काढून घेतला की डोकं आपटतो. आपण हट्टी म्हणतो, धपाटा देतो. पण पुष्कळदा ते लेकरू एवढंच विचारत असतं, तू माझी आहेस ना?

इंग्लंडमधले डॉक्टर जॉन बोल्बी यांनी हे शास्त्रात मांडलं. लेकराला जेवणासारखंच एक भरवशाचं माणूस लागतं. भीती वाटली की त्याच्याकडे पळत यायचं, धीर आला की त्याला सोडून खेळायला जायचं. मेरी एन्सवर्थ यांनी आफ्रिकेत युगांडातल्या खेड्यांत आया-लेकरांचं निरीक्षण केलं. भरवसा पक्का असलेलं मूल उलट मोकळं होतं. तेव्हा जवळ घेतल्यानं पोर शेफारतं, हे सासूबाईंचं म्हणणं मला पटत नाही.

यावरूनच खेळातून उपचार करायची एक पद्धत निघाली, तिचं नाव थेराप्ले. १९६७ साली अमेरिकेतल्या शिकागोत, गरीब घरच्या मुलांच्या बालवाडी कार्यक्रमात, ॲन जर्नबर्ग यांनी ती सुरू केली. समुपदेशक आधी आई आणि मूल कसे खेळतात ते बघतात. मग दोघांसोबत खेळतात आणि हळूहळू खेळ आईच्या हाती देतात. खेळणी जवळजवळ नाहीतच. हाताला तेल लावणं, बोटं मोजणं, हातावर हात रचणं, फुंकरीनं कापूस उडवणं, घास भरवणं. हे वाचून मला हसूच आलं. तळहातावर मोर नाचवणं, चिऊ-काऊचा घास, पदराआडून कुऽक करणं, आपल्या आज्या दुसरं काय करत होत्या? आपल्या तेलुगू आणि कन्नड शेजारणींकडेही असे खेळ आहेतच.

मग अडतं कुठं? मांडीवरच. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं. लेकरानं बसायचं कुठं? कारखान्यातल्या बायकांसाठी पाळणाघराची तरतूद १९६६ च्या विडी कामगार कायद्यात झाली. घरी वळणारीला त्याचा काय उपयोग? म्हणून आईला दोष देणाऱ्यांचं मी ऐकून घेत नाही.

तरी दहा मिनिटं काढता येतात. सूप बाजूला ठेवा. हात साबणानं स्वच्छ धुवा, तंबाखूची भुकटी लेकराच्या तोंडात जायला नको. समोरासमोर बसा. खेळ तुम्ही सुरू करा आणि तुम्हीच थांबवा, पण नजर त्याच्या चेहऱ्यावर ठेवा. त्यानं तोंड फिरवलं तर ओढू नका, थांबा. गुदगुल्या नको असतील तर नकोतच. शिकवणी नको, "एक-दोन म्हणून दाखव" नको. रोज एकाच वेळी झालं तर उत्तम, म्हणजे लेकरू त्या वेळेची वाट बघतं. आमच्या गटातल्या एकीनं रात्रीची भांडी झाल्यावरची वेळ धरली. आता तिचा साडेतीन वर्षांचा मुलगा तेलाची वाटी स्वतःच घेऊन बसतो. दिवसा चिकटणं पूर्ण गेलेलं नाही, पण कमी झालंय. आणि हे काम बापालाही जमतं बरं का, त्यांनाही दोन हात आहेत.

मात्र मूल बोलत नसेल, नजर देत नसेल, आवाजाला वळत नसेल, किंवा घरातल्या मारहाणीनं, मृत्यूनं भेदरलं असेल, तर घरच्या खेळावर थांबू नका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांना दाखवा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये विचारा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. आईचंच मन बुडालेलं असेल तरी तोच नंबर लावा.

पुढच्या बैठकीला लेकरांना घेऊन या. पासबुकासोबत चिमूटभर कापूसही आणा, फुंकरीचा खेळ तिथंच करून बघू.