ट्रॅक्टरला हायड्रॉलिक अवजार जोडताना तेलाचा हिशेब करा

बागेतील छोट्या ट्रॅक्टरला डंपिंग ट्रॉली किंवा पलटी नांगर जोडताना आपण अश्वशक्ती पाहतो. तेल पुरेल का, हे मात्र पाहत नाही. अनेक ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांना एकच तेल असते. बाहेरच्या जॅकमध्ये जाणारे तेल याच साठ्यातून जाते. साठा फार उतरला, तर पंप हवा ओढतो, आवाज करतो, लिफ्ट धक्के देत उचलते आणि गिअरनाही तेल कमी पडते.

जॅकला किती तेल लागते?
आतील व्यास सेंटीमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा. त्यास ०.७८५ ने व नंतर दांड्याच्या चालीने गुणावे. उत्तर घन सेंटीमीटरमध्ये येते. १००० घन सेंटीमीटर म्हणजे १ लिटर. उदाहरणार्थ, १० सें.मी. व्यास व ८० सें.मी. चाल असलेला ट्रॉलीचा जॅक पूर्ण उघडल्यावर ६.२८ लिटर तेल घेतो. टप्प्याटप्प्याने उघडणाऱ्या जॅकचे माप विक्रेत्याकडून घ्यावे.

पलटी नांगराच्या जॅकला दोन नळ्या असतात. एका बाजूने तेल जाते तेव्हा दुसऱ्या बाजूचे परत येते. त्यामुळे फरक फक्त दांड्याने व्यापलेल्या जागेइतका पडतो. दांडा ४ सें.मी. जाड व चाल २५ सें.मी. असल्यास हा फरक सुमारे ३१४ घन सेंटीमीटर, म्हणजे पाव लिटरपेक्षा थोडा जास्त असतो. म्हणूनच पलटी नांगर सहज चालवणारा ट्रॅक्टर ट्रॉली उचलताना अडतो.

घ्यावयाची काळजी
१) एकूण तेल नव्हे, तर बाहेरच्या अवजाराला किती तेल देता येते, हा आकडा पुस्तिकेत पाहावा किंवा विक्रेत्यास विचारावा. जॅकची गरज त्याहून जास्त असल्यास लहान जॅक घ्यावा किंवा स्वतंत्र टाकी व पंप बसवावा.
२) नवे अवजार जोडल्यावर जॅक तीन-चार वेळा वर-खाली करावा, म्हणजे नळ्या भरतील. नंतर पातळी तपासावी.
३) पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून, ट्रॉली पूर्ण खाली असतानाच पाहावी. ट्रॉली वर असताना तेल ओतल्यास ती खाली येताच साठा मर्यादेबाहेर भरतो. तेल फेसाळते, तापते व सीलमधून गळते.
४) शेजाऱ्याची ट्रॉली जोडल्यास तिच्यातील जुने, गढूळ तेल आपल्या गिअर बॉक्समध्ये येते. जोडतोंडे पुसून घ्यावीत व तेल एकाच प्रतीचे असावे.
५) उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम आधार दिल्याशिवाय कोणीही जाऊ नये.

खरेदीपूर्वी हा हिशेब केल्यास पंप व गिअर बॉक्सच्या दुरुस्तीचा मोठा खर्च टळेल.