ज्वारीच्या धांड्याची काकवी

ज्वारीची भाकरी आपण खातो. कडबा गुरांना घालतो. पण ज्वारीच्या धांड्यापासून काकवी होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

ही ज्वारी मात्र वेगळी. तिला गोड ज्वारी म्हणतात. तिचा धांडा उसासारखा रसाळ असतो. सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. ती १९६८ साली निघाली. या संस्थेने गोड ज्वारीचे 'मधुरा' नावाचे वाण तयार केले. त्या रसाची काकवीही केली.

उसाला वर्ष लागते आणि पाणी फार. गोड ज्वारी सुमारे चार महिन्यांत येते, तीही कमी पाण्यावर. दाणा माणसांना, पाला गुरांना, रस काकवीला. मग धांड्यातली गोडी वाया का घालवावी?

आता कृती पाहू.

कणसातला दाणा टणक होऊ लागला की धांडे कापावेत. कोवळे घेऊ नयेत. कोवळ्या ज्वारीत विष असते. ती खाऊन गुरे दगावतात. कणीस, शेंडा, पाला काढून धांडे धुवावेत आणि लगेच चरकात पिळावेत. गावात गुऱ्हाळ असेल तर उत्तमच. नाहीतर अंधेरी, घाटकोपरला रस्त्यावर रसवाले असतात ना, तसला लहान चरकही चालतो.

रस फडक्याने गाळावा. तास-दोन तास हलवू नये. तळाशी पिठासारखा साका बसतो. तो ठेवून वरचा रस काढून घ्यावा. रस त्याच दिवशी आटवावा. दुसऱ्या दिवसावर टाकला तर आंबलाच म्हणून समजा!

स्टीलचे किंवा कल्हईचे रुंद पातेले घ्यावे. रस तापला की हिरवी मळी वर येते. ती झाऱ्याने काढत राहावे. मळी राहिली तर काकवी कडवट लागते. रस दाट होऊ लागला की आच कमी करून ढवळत राहावे, नाहीतर करपेल. मुलांना चुलीपासून लांब ठेवावे.

काकवी झाली हे कसं ओळखायचं? झारा उचलून धरावा. थेंब सुटे न पडता एकमेकांना चिकटून पडले की पातेले उतरवावे. साधारण ८ ते १० लिटर रसाची १ लिटर काकवी होते. गाळून कोरड्या बाटलीत भरावी.

मग गूळच का करू नये? या रसात उसाच्या साखरेबरोबर फळांत असते तसली साखरही बरीच असते. तिचा दाणा सहज धरत नाही. ढेप नीट जमत नाही. म्हणून काकवीच बरी.

ज्याला मधुमेह आहे त्याने मात्र ती टाळावी. बाकीच्यांनी भाकरीबरोबर खावी. भाकरीही ज्वारीची, काकवीही ज्वारीची!