'रजनी' आणि तिच्यामागची लेखिका

दूरदर्शनवरील नटी म्हटली कीं आमच्या पिढीचें नाक अजूनहि किंचित् मुरडतें. तथापि कै. प्रिया तेंडुलकर यांच्याविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

त्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ चा. नाटककार विजय तेंडुलकर हे त्यांचे वडील. अर्थात् नाटक घरींच नांदत होतें. शाळकरी वयांत 'हयवदन' नाटकांत त्या बाहुली झाल्या. पुढें पंचतारांकित हॉटेलांतील नोकरी, हवाई सुंदरीचें काम, बातम्या वाचणें अशा नाना वाटा त्यांनीं तुडविल्या. श्याम बेनेगलांच्या 'अंकुर' (१९७४) चित्रपटांत व नंतर कित्येक मराठी चित्रपटांतहि त्या दिसल्या. परंतु नांव घरोघर गेलें तें १९८५ सालीं, बासु चटर्जी यांच्या 'रजनी' या मालिकेमुळें.

रजनी ही चारचौघींसारखी गृहिणी. गॅसवाला अडवितो, टॅक्सीवाला नाडतो. आपण 'कशाला वाढवा' म्हणून गप्प बसतों. ती बसत नसे. (संस्कृतांत रजनी म्हणजे रात्र, हिला मात्र काळोख मुळींच खपत नसे!) टॅक्सीवाल्यांना ही गोष्ट इतकी झोंबली कीं त्यांनीं निषेधाचा मोर्चा काढला. ग्राहकसंरक्षणाचा कायदा झाला तो पुढच्याच वर्षीं, १९८६ सालीं. तो या मालिकेनें घडविला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु आमच्या घरांतून चार पैशांसाठीं दुकानदाराशीं वाद घालणाऱ्या सुनेला 'भांडकुदळ' म्हणण्याची जी रीत होती, तिला या मालिकेनें खचित धक्का दिला. साडी नेसलेली, कपाळीं ठसठशीत कुंकू असलेली ही बाई पावती मागे, जाब विचारी, आणि तरीहि घरंदाजच राहे! सभ्यता व मुकाट्यानें सोसणें हीं दोन एकच, असें मानणाऱ्यांना तें कसें रुचावें?

पुढें १९९० नंतरच्या दशकांत त्यांनीं स्वतःच्या नांवाचा चर्चेचा कार्यक्रमहि चालविला. लोक मात्र त्यांना रजनीच म्हणत. आम्हांस याचें वाईट वाटतें. कारण त्या उत्तम कथालेखिका होत्या. 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला' हीं त्यांचीं पुस्तकें किती रजनीभक्तांनीं उघडलीं असतील, कोण जाणे.

कर्करोगाशीं झगडून, १९ सप्टेंबर २००२ रोजीं हृदयविकाराच्या झटक्यानें मुंबईस त्या निवर्तल्या, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं. वृद्ध वडिलांना लेकीमागें आणखी सहा वर्षें काढावीं लागलीं.