पिवळा दिवा, काजळीची गाळणी आणि वॉरंटीचा कागद

मध्य प्रदेशातील बालाघाट हा वैनगंगेच्या काठचा, महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेला जिल्हा. भरवेलीची मँगनीजची खाण, मलाजखंडचे तांबे, भातशेती आणि कान्हाचे जंगल ही त्याची ओळख. बाजारात हिंदी चालत असली तरी अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. खाणी, भात आणि रान यांचा हा मुलूख गोव्याच्या वाचकाला अगदीच परका वाटू नये.

समजा, या शहरातील एका गृहस्थाने गोंदियाहून नवी डिझेल मोटार घेतली. त्यांचा रोजचा प्रवास घर ते भरवेली, म्हणजे जेमतेम काही किलोमीटरचा. दीड वर्षाने डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. गाडी नीट चालत होती, म्हणून त्यांनी तिकडे दुर्लक्ष केले. तीन आठवड्यांनी बैहरच्या घाटात गाडी ओढेनाशी झाली. सर्व्हिस सेंटरने सांगितले, ‘गाळणी तुंबली आहे. दोष वापराचा आहे, वॉरंटीत बसत नाही.’ अशा दुरुस्तीचे बिल हजारांत थांबत नाही, कित्येकदा ते लाखाच्या घरात जाते. गावातला मिस्त्री म्हणतो, ‘गाळणीच काढून टाकू, थोडक्यात काम होईल.’

हे उदाहरण कल्पित असले तरी पेच खरा आहे. पणजी-पर्वरी किंवा म्हापसा-पर्वरी एवढाच रोजचा फेरा असलेल्या गोव्यातील डिझेल गाडीवरही तो येऊ शकतो. दोष वापराचा की यंत्राचा, हा त्यातला कळीचा प्रश्न. त्याचे उत्तर कोण देतो आणि कशाच्या आधारे देतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

गाळणी का तुंबते?

देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा, म्हणजे बीएस-६ ही उत्सर्जनाची मानके लागू झाली. डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आणि सूक्ष्म कणांची २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली. केवळ इंजिनात सुधारणा करून ही मर्यादा गाठणे कठीण. म्हणून धुराच्या मार्गात डीपीएफ ही काजळी अडवणारी गाळणी बसू लागली.

ही गाळणी मधाच्या पोळ्यासारखी असते. तिच्या नळ्या एकाआड एक बंद केलेल्या असल्याने धुराला सच्छिद्र भिंतीतूनच बाहेर पडावे लागते आणि काजळी आत अडकते. साठलेली काजळी वेळोवेळी जाळावी लागते. मोठ्या रस्त्यावर इंजिन चांगले तापले की काही काजळी आपोआप जळते. ते पुरेसे नसेल तेव्हा इंजिन जादा डिझेल सोडून गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेते. या क्रियेला ‘रिजनरेशन’ म्हणतात. ती पूर्ण होण्यास साधारण दहा ते वीस मिनिटांचा सलग प्रवास लागतो.

अडचण इथेच येते. रोजचा प्रवासच आठ-दहा मिनिटांचा असेल तर ही क्रिया दर वेळी अर्ध्यावर तुटते. काजळी साठत जाते आणि जादा सोडलेल्या डिझेलचा काही अंश इंजिन ऑइलमध्ये उतरतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर ती धोक्याची खूण समजावी. गाडी उभी असताना इंजिनाचा वेग किंचित वाढलेला असणे, बंद केल्यावरही पंखा फिरत राहणे, तापल्याचा वास येणे, ही मात्र सफाई चालू असल्याची लक्षणे आहेत, बिघाडाची नव्हेत. ती दिसल्यास शक्य तर गाडी आणखी थोडा वेळ चालवावी.

काजळी जळते, राख जळत नाही. ही राख मुख्यतः इंजिन ऑइलमधील रसायनांची असते. त्यामुळे पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच, कमी राखेचे ऑइल वापरणे आवश्यक ठरते. स्वस्त ऑइलमध्ये वाचलेले पैसे पुढे गाळणीवर खर्च होतात.

दिवा लागल्यावर

दिव्यांची भाषा गाडीगणिक थोडी बदलते, पण क्रम बहुधा सारखाच असतो. केवळ डीपीएफचा पिवळा दिवा लागला असेल तर गाडी अजून स्वतःची सफाई करू शकते. पुस्तिकेत दिलेल्या वेगाने, मोकळ्या रस्त्यावर ती सलग चालवावी. बालाघाटकराला गोंदियाचा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता यासाठी पुरेसा आहे. गोव्यात महामार्गावरचा अर्ध्या तासाचा फेरा तेच काम करील. एवढ्याने दिवा विझला नाही, किंवा त्याच्या जोडीला इंजिनचा दिवा लागला आणि गाडीची ताकद कमी झाली, तर अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठावे. तेथे यंत्र जोडून सफाई करून घेता येते. त्यापुढे चालढकल केल्यास गाळणी बदलण्यावाचून मार्ग उरत नाही.

दिवा लागताच त्याचे छायाचित्र काढावे. त्यात किलोमीटरचा आकडा दिसावा, आणि तारीख टिपून ठेवावी. पहिल्या दिव्यानंतर गाडी किती चालली, हा पुढच्या वादाचा पहिला मुद्दा असतो.

युरियाचे पाणी

काही डिझेल गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी डीईएफ नावाचा द्रव वेगळ्या टाकीत भरावा लागतो. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि उरलेले निर्मळ पाणी असते. द्रव संपत आला की आणखी किती किलोमीटर गाडी चालेल हे पडद्यावर दिसू लागते. तो आकडा शून्यावर आला आणि इंजिन एकदा बंद केले, की ते पुन्हा सुरू होत नाही.

शेतीच्या मुलुखात येथे एक मोह होतो. घरात युरियाचे पोते असते, मग तोच पाण्यात विरघळवून का भरू नये? उत्तर स्पष्ट आहे. शेतीच्या युरियाला आपल्याकडे कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि तो डीईएफला लागतो तितका शुद्ध नसतो. अशा द्रवाने पंप, फवारणी आणि उत्प्रेरक निकामी होतात आणि वॉरंटीचा दावा तिथेच संपतो. डीईएफ उन्हातही बिघडतो. दुकानाबाहेर उन्हात ठेवलेला कॅन घेऊ नये, वापराची मुदत पाहावी आणि बिल जपून ठेवावे.

रोग कोणता, लक्षण कोणते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘गाळणी तुंबली’ हे निदान नव्हे, बहुधा ते लक्षण असते. ती कमी अंतराच्या प्रवासाने तुंबते, तशीच गळक्या इंजेक्टरने, अडकलेल्या ईजीआर झडपेने, टर्बोतून झिरपणाऱ्या ऑइलने किंवा दाब मोजणाऱ्या सदोष सेन्सरनेही तुंबते. पहिले कारण वापराचे आहे. बाकीची कारणे यंत्रात असू शकतात आणि वॉरंटीच्या मुदतीत त्यांची जबाबदारी कंपनीवर येऊ शकते. कारण न शोधता नवी गाळणी बसवली, तर तीही तशीच तुंबणार.

म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. ‘जनरल चेकअप’ एवढ्यावर समाधान मानू नये. दुसरी, गाडीच्या संगणकातील दोषसंकेतांची छापील प्रत घ्यावी. पी २००२ हा संकेत गाळणीच्या कार्यक्षमतेविषयी, तर पी ०४०१ हा ईजीआरच्या अपुऱ्या प्रवाहाविषयी असतो. दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि इंजिनावरील भारही संगणकात राहतो. तिसरी, वॉरंटी नाकारली तर नकार लेखी घ्यावा: कोणत्या अटीनुसार आणि कोणत्या तपासणीच्या आधारे. तोंडी नकाराला उत्तर देता येत नाही. लेखी न मिळाल्यास त्याच दिवशी कंपनीला ईमेल करून घडलेले कळवावे.

वॉरंटीची पुस्तिकाही एकदा शांतपणे वाचावी. अनेक पुस्तिकांत सर्वसाधारण वॉरंटीखेरीज उत्सर्जनाच्या वॉरंटीचे प्रकरण वेगळे असते. त्याची मुदत, किलोमीटर आणि त्यात मोडणारे भाग निराळे असू शकतात.

काढून टाकण्याचा मोह

गाळणी काढून संगणकाची आज्ञावली बदलणे हा मिस्त्रीचा उपाय स्वस्त दिसतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवान्यावर गदा येते. वॉरंटी तर संपतेच. आणि जी काजळी गाळणीत राहिली असती, ती आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या फुप्फुसांत जाते.

दोष कंपनीकडेच असला तर?

असेही घडले आहे. २०१३ मध्ये शेव्हरोले टवेराच्या सुमारे १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. उत्सर्जन चाचणीत कर्मचाऱ्यांनी गैरप्रकार केल्याचे कंपनीनेच मान्य केले होते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण जगभर गाजल्यावर पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेने भारतातील गाड्या तपासल्या आणि त्यानंतर ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्यांच्या दुरुस्तीची घोषणा झाली. आता कायद्यात कलम ११०-अ आहे. पर्यावरणाला हानी पोचवणारा दोष असलेली वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार त्याखाली देऊ शकते. त्यासाठी मालकांच्या तक्रारी मोजल्या जातात. म्हणून एकट्याची तक्रारही नोंदवण्याजोगी असते.

दाद कोठे मागावी?

प्रथम विक्रेता, मग कंपनीचा तक्रार विभाग, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग. गाडी महाराष्ट्रात घेतली, कंपनी तामिळनाडूत आहे, मग बालाघाटच्या माणसाने जायचे कुठे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने हा प्रश्न सोडवला आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. बालाघाटकराला बालाघाटच्याच आयोगात जाता येते, तसे गोव्यात उत्तरेकडील ग्राहकाला पर्वरीला आणि दक्षिणेकडील ग्राहकाला मडगावला.

मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग पुरेसा आहे. दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे. वकील लावणे बंधनकारक नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची. व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात येत नाही, पण स्वतः चालवून त्यावरच पोट भरणाऱ्या टॅक्सीमालकाला ग्राहक मानले जाते. गोव्यातील अनेकांसाठी हे महत्त्वाचे आहे.

उत्पादनातील दोष सिद्ध करण्याचा भार बहुधा तक्रारदारावर येतो. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो. म्हणून वादाचा निकाल लागेपर्यंत काढलेली जुनी गाळणी भंगारात जाऊ देऊ नये. तोच मुख्य पुरावा असतो.

आपल्या त्या बालाघाटच्या गृहस्थांकडे पहिल्या दिवसाचे छायाचित्र, दोषसंकेतांची प्रत आणि लेखी नकार असता, तर ‘दोष वापराचा’ हे वाक्य कंपनीला सिद्ध करून दाखवावे लागले असते. आणि महिन्यातून दोन-तीनदा गोंदियाचा फेरा झाला असता, तर बहुधा ते वाक्य ऐकण्याची वेळच आली नसती. नवी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्यांनी यातून एवढे लक्षात घ्यावे: रोजचा प्रवास गावापुरताच असेल, तर डिझेल गाडी आपल्यासाठी नाही.