आखूड केसांचीं मांजरें : रूप आणि त्याची किंमत

मनुष्य धान्याचीं कोठारें भरूं लागला, कोठारांत उंदीर आले, आणि उंदरांच्या मागोमाग पश्चिम आशियांतील रानमांजर सुमारें १०,००० वर्षांपूर्वीं वस्तीजवळ राहूं लागलें. त्या रानमांजराचे केस आखूडच होते. लांब केस हा मागाहून घडलेला फरक होय. तो गुण आई व बाप या दोघांकडून आला तरच पिलाचे केस लांब होतात. एकाकडूनच आला तर तो झांकलेला राहतो. म्हणूनच आपल्या घरोघरचीं मांजरें बहुधा आखूड केसांचीं दिसतात.

या घरगुती मांजरांना विशिष्ट जात नसते. जात म्हणजे मनुष्यानें एखादें रूप पसंत करून, नर-मादी निवडून, पिढ्यान्‌पिढ्या टिकविलेलें कूळ. १८७१ सालीं हॅरिसन वेअर यांनीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरविलें, आणि मांजराच्या रूपाला गुण देण्याची पद्धति तेथून रूढ होत गेली.

ब्रिटिश शॉर्टहेअर हें या कुळांतील भारदस्त मांजर. रुंद छाती, ठेंगणे पाय, वाटोळें डोकें व भरलेले गाल हीं त्याचीं लक्षणें होत. केस आखूड, परंतु मखमलीसारखे दाट असतात. निळसर राखी रंग आणि तांब्याच्या वर्णाचे डोळे हें त्याचें सर्वांत प्रसिद्ध रूप. स्वभावानें तें शांत असतें. मांडीवर बसण्यापेक्षां शेजारीं बसणें त्याला अधिक मानवतें.

अबिसीनियन मांजर याच्या अगदीं उलट, सडपातळ व चपळ. त्याच्या एकेका केसावर फिकट व गडद पट्टे असतात. त्यामुळें सर्वांगावर सशासारखी झांक येते.

रंगाचा खरा चमत्कार मात्र सयामी मांजरांत दिसतो. अंग फिकट, डोळे निळे, आणि कान, तोंड, पंजे व शेंपूट तेवढीं गडद. केसांत काळा रंग घडविणारें द्रव्य या मांजरांत उष्णतेपुढें निकामी होतें. धड उबदार म्हणून फिकट. कान-शेंपटीसारखे कडेचे भाग थंड म्हणून काळे. आईच्या पोटांत सर्वत्र सारखीच ऊब असल्यानें पिलें जवळजवळ पांढरीं जन्मतात. पाठीवरील केस काढून ती जागा थंड ठेविली, तर तेथें नवे केस गडद येतात. हें मांजर बोलकें असतें; एकटें पडलें कीं मोठ्यानें ओरडून घर डोक्यावर घेतें.

असे फरक निरुपद्रवी आहेत. परंतु सर्वच तसे नसतात. आयल ऑफ मॅन या बेटावरील मँक्स मांजराला शेंपूट नसतें. हा गुण आईबाप दोघांकडून आला तर पिलूं गर्भांतच मरतें. एकाकडून आला तर पिलूं जगतें; पण कांहींच्या कण्यांत दोष राहून मागचे पाय दुबळे होतात व मलमूत्रावरील ताबा जातो.

स्कॉटिश फोल्डची कथा याहून बोलकी आहे. १९६१ सालीं स्कॉटलंडमधील एका शेतावर पुढें दुमडलेल्या कानांची एक मांजरी आढळली. तिच्यापासून हें कूळ वाढलें. पिलांचे कान जन्मतः सरळ असतात व सुमारें तीन आठवड्यांनीं दुमडूं लागतात. या कानांमुळें चेहरा घुबडासारखा वाटोळा दिसतो व पाहणारा मोहित होतो. परंतु ज्या दोषानें कानांतील कूर्चा मऊ पडते, तोच दोष सांध्यांतील कूर्चाही बिघडवितो. सांधे दुखूं लागले कीं मांजर उडी मारण्याचें टाळतें आणि एका जागीं बसून राहतें. धनी त्यालाच शांत स्वभाव समजतो. ब्रिटनमधील गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी या संस्थेनें १९७० च्या दशकाच्या आरंभींच या जातीची नोंदणी बंद केली. अन्यत्र मात्र तिची पैदास चालूच राहिली, कारण घेणाऱ्यांची हौस ओसरली नाहीं.

मांजराला आपलें रूप निवडतां येत नाहीं. तें माणूस निवडतो. म्हणून मांजर घरांत आणणारानें डोळ्यांचा रंग व कानांची घडी पाहण्याआधीं तें मोकळेपणीं धांवतें कीं नाहीं, उडी मारतें कीं नाहीं, हें पाहावें. या कसोटीला उतरणारें मांजर अनेकदां शेजारच्या ओसरीवरच, कोणत्याहि जातीच्या नांवावांचून, उन्हांत अंग चाटीत बसलेलें असतें.