मेकअप चालेल, मेहनत दिसायला नको

एका वाचक भगिनीची तक्रार आहे: लग्नाला नटून गेलं की ‘किती थोपलंय!’ आणि साधं गेलं की ‘बरं नाही का गं?’ यामागे काही विज्ञान आहे का, असं त्या विचारतात. आहे, पण ते फारसं सुखावणारं नाही.

एरवी आपल्याला कष्टांचं भारी कौतुक. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी 2004 साली एकच कविता लोकांना वाचायला दिली. काहींना सांगितलं, कवीला 4 तास लागले. काहींना सांगितलं, 18. अठरा तासवाली जास्त आवडली! चेहऱ्याच्या बाबतीत मात्र गणित उलटं. सॅम्पर, यांग आणि डॅनियल्स यांच्या 2018च्या प्रयोगांत, रूप पालटण्यासाठी बराच खटाटोप करणाऱ्या स्त्रीला लोकांनी सचोटीत खाली ढकललं. त्वचेची नुसती निगा राखणारीला मात्र माफी.

यावरून आठवते चिया-जुंग त्साय. ज्युलियार्डमध्ये शिकलेली ही पियानोवादक पुढे मानसशास्त्रात आली. सिकंदराबादेत जन्मलेल्या महजरीन बानाजींसोबत 2011 साली तिने संगीताच्या जाणकारांना दोन वादक ऐकवले, एक उपजत प्रतिभेचा, दुसरा रियाजाने घडलेला. रियाजच थोर, असं जाणकार तोंडाने म्हणाले आणि वरचे गुण उपजतवाल्याला देऊन मोकळे झाले. वादक प्रत्यक्षात एकच होता! (आपल्याकडे एखाद्या संगीत महोत्सवात कुणीतरी हा प्रयोग करून पाहावाच.)

चेहऱ्याच्या बाबतीतही लोकांना उपजतच भावतं. तेव्हा ‘नॅचरल लूक’ म्हणून जे विकलं जातं, त्यात खटाटोप कमी होत नाही, लपतो. प्रायमर, कन्सीलर सगळं आहेच. शोधही नवा नाही: रंगवलंय की नाही अशी शंका यावी इतपतच रंगवावं, हे इटलीच्या कास्तिल्योनेने 1528च्या ग्रंथात नोंदवलंय.

बरं, खटाटोप सोडून द्यावा तर? जॅकलिन वाँग आणि अँड्र्यू पेनर यांनी 2016 साली अमेरिकेतल्या सुमारे 14 हजार जणांची माहिती तपासली. देखण्यांची कमाई सर्वसाधारण दिसणाऱ्यांपेक्षा सुमारे 20 टक्क्यांनी जास्त निघाली. मग त्यांनी नीटनेटकेपणाचा हिशेब वेगळा काढला. पुरुषांच्या बाबतीत देखणेपणाचा निम्मा फायदा त्यातून आलेला होता. स्त्रियांच्या बाबतीत जवळजवळ सगळाच. टापटिपीचे गुण पाहणीसाठी मुलाखत घ्यायला आलेल्यांनी समोर पाहून दिलेले होते. आरशासमोर किती वेळ गेला, हे कुणी विचारलं नव्हतं.